नोकरी गेल्यावर कंपनीचा आरोग्य विमा चालू ठेवणे: कोब्राविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नोकरी गेली की पगाराबरोबर कुटुंबाचा आरोग्य विमाही जातो, आणि हा दुसरा धक्का बहुतेकांच्या लक्षात काही दिवस उशिरा येतो. त्या काळात एचआरकडून येणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात कोब्राची नोटीस असते. ती वाचून पुढे काय करायचे, कोणत्या तारखेपर्यंत करायचे आणि किती पैसे लागतील, याविषयी आपल्या लोकांना नेहमी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. चुकलेला निर्णय पुष्कळदा दुरुस्त करता येतो, पण चुकलेली तारीख क्वचितच दुरुस्त होते. म्हणून तारखांचा भाग सर्वात सविस्तर लिहिला आहे.

कोब्रा म्हणजे नेमके काय?

कोब्रा हा १९८६ साली अमलात आलेला संघीय कायदा आहे. नोकरी सुटल्यामुळे किंवा कामाचे तास कमी झाल्यामुळे कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यातून बाहेर पडावे लागणाऱ्या कर्मचाऱ्याला आणि त्याच्या कुटुंबाला तोच विमा काही काळ स्वतःच्या खर्चाने चालू ठेवण्याचा हक्क हा कायदा देतो. कोब्रा नावाची वेगळी विमा कंपनी नाही आणि वेगळी पॉलिसीही नाही. डॉक्टरांचे नेटवर्क, औषधांची यादी आणि डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षभरात स्वतः भरायची रक्कम) सारे पूर्वीचेच राहते. बदलते ते एवढेच की प्रीमियमचा जो मोठा वाटा कंपनी भरत होती, तोही आता तुम्हाला भरावा लागतो. विमा तोच असल्यामुळे पुढे कंपनीने आपल्या चालू कर्मचाऱ्यांसाठी योजना बदलली तर तुमची योजनाही बदलते, आणि वर्षअखेरीच्या ओपन एनरोलमेंटमध्ये (पुढच्या वर्षाची योजना निवडण्याच्या काळात) त्यांना जे पर्याय मिळतात ते तुम्हालाही मिळावे लागतात.

माझी कंपनी लहान आहे. हा कायदा तिला लागू होतो का?

मागील कॅलेंडर वर्षात निम्म्याहून अधिक कामाच्या दिवशी कंपनीत किमान २० कर्मचारी असतील तर संघीय कोब्रा लागू होतो. या मोजणीत अर्धवेळ कर्मचारी त्यांच्या तासांच्या प्रमाणात धरले जातात. राज्य व स्थानिक सरकारांच्या नोकऱ्यांनाही हे संरक्षण आहे, आणि संघीय सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी जवळपास याच धर्तीची स्वतंत्र व्यवस्था आहे.

कंपनी त्याहून लहान असेल तरी लगेच निराश होऊ नका, कारण अनेक राज्यांनी लहान कंपन्यांसाठी स्वतःचे कायदे केले आहेत आणि त्यांना बोलीभाषेत मिनी-कोब्रा म्हणतात. कॅलिफोर्नियात २ ते १९ कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना कॅल-कोब्रा लागू होतो आणि त्याची मुदत ३६ महिन्यांपर्यंत आहे. न्यूयॉर्क राज्यातही ३६ महिने मिळू शकतात. टेक्सासमध्ये मात्र संघीय कोब्रा लागू नसलेल्यांना ९ महिन्यांचीच मुदत आहे. हे राज्याचे कायदे साधारणपणे विमा कंपनीकडून विकत घेतलेल्या योजनांना लागू होतात. मोठ्या कंपन्या बऱ्याचदा वैद्यकीय खर्च स्वतःच्या तिजोरीतून करतात आणि विमा कंपनीला फक्त कारभार पाहायला ठेवतात. अशा योजनांना राज्याचा वाढीव कालावधी मिळत नाही. तुमची योजना कोणत्या प्रकारची आहे हे विमा कार्डावरच्या कंपनीच्या नावावरून कळत नाही, म्हणून एचआरला हा प्रश्न थेट विचारावा.

मी स्वतः राजीनामा दिला, किंवा कामगिरीचे कारण देऊन मला काढले, तरी हक्क मिळतो का?

मिळतो. ले-ऑफ, राजीनामा, निवृत्ती, कामगिरीवरून काढून टाकणे या सर्व प्रसंगी हा हक्क आहे. अपवाद फक्त गंभीर गैरवर्तनाचा आहे. कायद्याने त्याची व्याख्या दिलेली नाही, पण नेहमीच्या कामातील चुका किंवा उद्दिष्ट न गाठणे यांना तो शब्द सहसा लावता येत नाही. कंपनीने या कारणाने नकार दिला, तर तो लेखी मागून घ्यावा.

हा विमा किती काळ चालू ठेवता येतो?

नोकरी सुटल्यास किंवा तास कमी झाल्यास १८ महिने. कर्मचाऱ्याचा मृत्यू, घटस्फोट, किंवा मुलाला २६ वर्षे पूर्ण होऊन त्याचे अवलंबित्व संपणे अशा कारणांनी विमा जात असेल, तर जोडीदाराला किंवा मुलाला ३६ महिने मिळतात. १८ महिन्यांच्या काळातच असा दुसरा प्रसंग आला, तर त्यांची मुदत एकूण ३६ महिन्यांपर्यंत वाढू शकते.

कुटुंबातील कोणी कोब्राच्या पहिल्या ६० दिवसांत कधीही अपंग होते असा निर्णय सोशल सिक्युरिटी प्रशासनाने दिला, तर सर्वांनाच ११ महिने अधिक, म्हणजे एकूण २९ महिने मिळतात. त्यासाठी तो निर्णय योजनेच्या प्रशासकाला ठरलेल्या मुदतीत आणि १८ महिने संपण्यापूर्वी कळवावा लागतो. गंभीर आजारात गुंतलेल्या कुटुंबांकडून नेमके हेच पत्र पाठवायचे राहून जाते, म्हणून ही जबाबदारी घरातील दुसऱ्या कोणीतरी उचललेली बरी.

प्रीमियम एवढा का वाढतो, आणि नेमका किती येईल?

कोब्रामध्ये तुमच्याकडून विम्याच्या पूर्ण किमतीच्या १०२% पर्यंत रक्कम घेता येते. वरचे २% प्रशासकीय खर्चासाठी असतात. अपंगत्वामुळे मिळालेल्या वाढीव ११ महिन्यांत हा दर १५०% पर्यंत जाऊ शकतो. कॅल-कोब्रामध्ये मर्यादा साधारणपणे ११०% आहे.

केएफएफ ही संस्था दरवर्षी कंपन्यांच्या विम्याचे सर्वेक्षण करते. तिच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक प्रीमियम २५,५७२ डॉलर होता आणि त्यातले ६,२९६ डॉलर कर्मचारी भरत होता. म्हणजे ज्याच्या पगारातून महिन्याला सुमारे ५२५ डॉलर कापले जात होते, त्याला त्याच विम्यासाठी कोब्रात महिन्याला सुमारे २,१७४ डॉलर मोजावे लागतील. एकट्या व्यक्तीसाठी हीच रक्कम सरासरी ७६१ डॉलरच्या आसपास येते. विम्याची किंमत एका रात्रीत वाढलेली नसते. ती आधीही एवढीच होती, फक्त पगाराच्या पावतीवर तिचा लहान भाग दिसत होता.

तुमचा आकडा नोटीस येण्याआधीच काढायचा असेल, तर मागच्या वर्षीचा डब्ल्यू-२ फॉर्म, म्हणजे कंपनीने दिलेली पगार व कराची वार्षिक नोंद, काढा. त्यातील १२ क्रमांकाच्या चौकटीत डीडी या अक्षरांसमोर तुमच्या आरोग्य विम्याची वर्षभराची एकूण किंमत बहुतेक मोठ्या कंपन्या नोंदवतात. तिला १२ ने भागून त्यात २% मिळवले की अंदाज येतो. मागील वर्षी मध्येच नोकरी लागली असेल तर १२ ऐवजी विमा असलेल्या महिन्यांनी भागावे.

ले-ऑफ झालेल्यांचा २०२१ मधील एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांचा कोब्रा प्रीमियम संघीय सरकारने पूर्णपणे उचलला होता. ती सवलत तेव्हाच संपली. आजही तिच्याविषयी विचारणा होते म्हणून हे सांगणे आवश्यक वाटले.

कोणकोणत्या मुदती पाळाव्या लागतात?

प्रथम कंपनीच्या बाजूच्या मुदती पाहू. नोकरी सुटल्याची माहिती योजनेच्या प्रशासकाला देण्यासाठी कंपनीला ३० दिवस असतात आणि प्रशासकाला तुम्हाला नोटीस पाठवण्यासाठी पुढचे १४ दिवस असतात. कंपनी स्वतःच प्रशासक असेल तर एकूण ४४ दिवस धरावेत. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत नोटीस आली नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

तुमच्या बाजूने पहिली मुदत ६० दिवसांची आहे. विमा संपल्याची तारीख आणि नोटीस दिल्याची तारीख यांपैकी जी नंतरची असेल, तेथून हे दिवस मोजायचे. या काळात कोब्रा घेत असल्याचे लेखी कळवावे लागते. कळवल्यानंतर पहिला हप्ता भरायला ४५ दिवस मिळतात, आणि त्यानंतरच्या प्रत्येक महिन्याच्या हप्त्याला किमान ३० दिवसांची सवलत असते. विमा मात्र जुना विमा संपल्याच्या दिवसापासून मागील तारखेने चालू होतो, आणि म्हणून त्या दिवसापासूनचा प्रीमियमही भरावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. तुमचा विमा ३१ मार्चला संपला आणि नोटीस १० एप्रिलला दिली गेली. कोब्रा निवडण्याची शेवटची तारीख ९ जून. तुम्ही ५ जूनला फॉर्म पाठवला, तर पहिला हप्ता २० जुलैपर्यंत भरता येईल, आणि विमा १ एप्रिलपासून अखंड मानला जाईल. परंतु मार्केटप्लेसमधून, म्हणजे सरकारने चालवलेल्या आरोग्य विम्याच्या बाजारातून, स्वतंत्र विमा घेण्याची खास मुदत नोटिशीवर अवलंबून नसते. ती विमा संपल्यापासून ६० दिवसांची असते, म्हणजे या उदाहरणात ३० मे रोजीच संपते. जोडीदाराच्या कंपनीच्या विम्यात सामील होण्याची मुदत तर साधारणपणे ३० दिवसांचीच, म्हणजे एप्रिलअखेरीपर्यंतची. कोब्राची तारीख तेवढी डोळ्यांसमोर ठेवून जूनपर्यंत विचार करत बसलेल्या माणसाच्या हातातून बाकीचे दोन्ही पर्याय तोवर निघून गेलेले असतात, आणि त्याची कल्पना त्याला कोणत्याही पत्रातून मिळत नाही.

या सर्व हिशोबाला एकच आधार लागतो: जुना विमा नेमका कोणत्या दिवशी संपतो. काही कंपन्यांत तो कामाच्या शेवटच्या दिवशी संपतो, काहींत त्या महिन्याच्या अखेरीस, आणि सेव्हरन्सच्या, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या मोबदल्याच्या, करारात कधी आणखी पुढची तारीख असते. ही तारीख नोकरी सुटतानाच ईमेलने विचारून लेखी घ्यावी.

कोब्रा मागील तारखेने लागू होतो, तर आजारी पडेपर्यंत वाट पाहिली तर चालेल का?

कायद्याने ते चालते, आणि दोन-चार आठवड्यांत नवी नोकरी ठरलेली असेल तर अनेक लोक तसे करतातही. मधल्या काळात काही झालेच नाही, तर प्रीमियम वाचतो; काही झाले, तर मुदतीच्या आत कोब्रा घेऊन मागचे पैसे भरायचे.

मात्र यात काय पत्करावे लागते ते नीट समजून घ्यावे. या काळात रुग्णालयाने विमा तपासला तर तो बंद दिसतो. मग औषधांच्या दुकानात किंवा ठरवून करायच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आधी स्वतःचे पैसे भरून नंतर परताव्यासाठी अर्ज करावा लागू शकतो. अपघातात बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या वतीने फॉर्म कुठे आहे हे घरच्यांना माहीत नसेल, तर हक्क असूनही उपयोग होत नाही. शिवाय मागचे पैसे भरताना मधला एखादाच महिना निवडता येत नाही. पहिल्या दिवसापासूनचे सगळे महिने भरावे लागतात. घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा नियमित औषधे घेणारी व्यक्ती असेल, तर आमच्या मते ही जोखीम घेऊ नये.

कुटुंबातील एकाच व्यक्तीसाठी कोब्रा घेता येतो का?

होय, आणि ही सोय लोक फार कमी वापरतात. नोकरी सुटण्याच्या आदल्या दिवशी विम्यात असलेल्या प्रत्येकाला, म्हणजे कर्मचारी, जोडीदार आणि मुले यांना, स्वतंत्रपणे निवडीचा हक्क असतो. समजा पत्नी सातव्या महिन्यात आहे आणि तिची डॉक्टर, तिचे रुग्णालय, सारे जुन्या नेटवर्कमध्ये आहे. तिच्या एकटीसाठी कोब्रा घेऊन पतीने मार्केटप्लेसचा स्वस्त विमा घेतला, तर संपूर्ण कुटुंबाच्या कोब्रापेक्षा खर्च पुष्कळ कमी होऊ शकतो. ज्याच्या नोकरीमुळे विमा होता त्या कर्मचाऱ्याचे बाळ कोब्राच्या काळात जन्मले किंवा त्याने त्या काळात मूल दत्तक घेतले, तर त्या मुलालाही कोब्राचा हक्क मिळतो. त्याचे नाव योजनेच्या नियमांनुसार वेळेत नोंदवावे लागते.

भारतातून भेटीला आलेले आईवडील बहुतेक कंपन्यांच्या विम्यात मुळातच नसतात, त्यामुळे त्यांना कोब्रा मिळत नाही. त्यांच्यासाठी घेतलेल्या व्हिजिटर इन्शुरन्सशी या कायद्याचा संबंध नाही.

कोब्रा घ्यावा की मार्केटप्लेसचा विमा?

दोन्हींच्या प्रीमियमची तुलना सगळे करतात. पण खरी तुलना वर्षाच्या उरलेल्या महिन्यांतील एकूण खर्चाची करायला हवी. कोब्रामध्ये त्या वर्षी तुम्ही आतापर्यंत भरलेले डिडक्टिबल तसेच मोजले जाते, तर नव्या विम्यात ते शून्यापासून सुरू होते. ऑक्टोबरमध्ये नोकरी गेली, डिडक्टिबल संपलेले आहे आणि उपचार चालू आहेत, तर तीन महिन्यांचा महाग कोब्राही शेवटी स्वस्त पडू शकतो. तीच नोकरी जानेवारीत गेली आणि घरातील सर्वजण निरोगी असले, तर मार्केटप्लेसचे पारडे बहुधा जड होते, कारण तेथे त्या वर्षीच्या अंदाजित उत्पन्नानुसार प्रीमियमसाठी कर-सवलत मिळू शकते. कोब्राचा नुसता हक्क असल्याने ही सवलत जात नाही. ज्या महिन्यांत कोब्रा प्रत्यक्ष घेतलेला असतो, त्या महिन्यांसाठी ती मिळत नाही.

एक अडचण आधीच माहीत असावी. कोब्रा घेतला, विमा संपल्यापासूनचे ६० दिवस उलटले, आणि मग महाग वाटतो म्हणून तो सोडला, तर मार्केटप्लेस तुम्हाला खास प्रवेश देत नाही. १ नोव्हेंबरपासून सुरू होणाऱ्या ओपन एनरोलमेंटची वाट पाहावी लागते. कोब्राची पूर्ण मुदत संपली, किंवा जुन्या कंपनीने सेव्हरन्स म्हणून भरलेला प्रीमियमचा वाटा बंद झाला, तर मात्र खास प्रवेश मिळतो. मार्केटप्लेसचा विमा कोब्रासारखा मागील तारखेने लागू होत नाही, म्हणून जुना विमा संपण्याची तारीख आधी कळली असेल तर अर्जही आधीच करावा; तशी परवानगी आहे. उत्पन्न अगदीच थांबले असेल तर कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठीचा सरकारी विमा मेडिकेड आणि मुलांसाठीचा चिप कार्यक्रम यांसाठी वर्षभर केव्हाही अर्ज करता येतो, पण तेथे राज्यागणिक नियम वेगळे आहेत आणि इमिग्रेशनच्या अटीही आहेत.

मी एच-१बी व्हिसावर आहे. नोकरी गेल्यावर कोब्रा घेता येतो का?

येतो. कोब्राचा हक्क कंपनीच्या विम्यात असण्यावरून मिळतो, व्हिसावरून नाही. तो सरकारी मदतीचा कार्यक्रमही नाही. पूर्ण पैसे भरून घेतलेला तो खासगी विमा आहे. एच-४ वरील जोडीदाराला आणि मुलांनाही हाच नियम लागू होतो. २०१७ पासून एच-१बी धारकाला नोकरी सुटल्यानंतर देशात राहण्यासाठी ६० दिवसांपर्यंतची सवलत मिळू शकते, आय-९४ वरील (अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीवरील) मुदत त्याआधी संपत नसेल तर. ही ६० दिवसांची सवलत आणि कोब्रा निवडण्याचे ६० दिवस यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, आणि त्यांची मोजणी वेगवेगळ्या दिवसांपासून होते.

व्हिसाधारकांनी आणखी एक बदल लक्षात घ्यावा. २०२५ साली झालेल्या कायद्यानुसार २०२७ पासून मार्केटप्लेसची प्रीमियम कर-सवलत ग्रीन कार्डधारक आणि इतर काही मोजक्या गटांपुरती मर्यादित होत आहे. त्यानंतर एच-१बी वरील कुटुंबाला मार्केटप्लेसचा विमा पूर्ण किमतीत घ्यावा लागेल, आणि मग कोब्राशी त्याची तुलना नव्याने करावी लागेल.

आम्ही भारतात परत जात आहोत. तोपर्यंत आणि त्यानंतर काय?

निघेपर्यंतच्या काळासाठी कोब्रा सोयीचा आहे, कारण तो महिन्या-महिन्याने भरता येतो आणि थांबवायला काही दंड नाही. भारतात गेल्यावरही प्रीमियम भरत राहिल्यास हक्क टिकतो, परंतु देशाबाहेरील उपचारांना पुष्कळ योजना आणीबाणीपुरतेच पैसे देतात आणि काही अजिबात देत नाहीत. योजनेचे दस्तऐवज वाचल्याशिवाय त्या भरवशावर राहू नये.

माझे वय ६५ झाले आहे. कोब्रा असताना मेडिकेअर पुढे ढकलता येईल का?

ढकलू नये. चालू नोकरीच्या विम्यामुळे मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा पार्ट बी, म्हणजे डॉक्टर व बाह्योपचारांचा भाग, उशिरा घेण्याची मुभा मिळते, पण कोब्रा हा चालू नोकरीचा विमा मानला जात नाही. नोकरी किंवा तिचा विमा यांपैकी जे आधी संपेल, तेथून आठ महिन्यांत पार्ट बी घ्यावा लागतो, आणि कोब्रा चालू असला तरी हे महिने थांबत नाहीत. ती संधी हुकली तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे पार्ट बीच्या प्रीमियमवर १०% वाढ लागते, आणि ती सहसा पार्ट बी असेपर्यंत भरावी लागते. अठरा महिने प्रामाणिकपणे कोब्राचे पैसे भरूनही हा दंड बसलेल्या ज्येष्ठांची स्थिती फार वाईट होते, म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहिले आहे. शिवाय कोब्रा निवडल्यानंतर मेडिकेअर सुरू झाले, तर त्या व्यक्तीचा कोब्रा बंद करण्याचा अधिकार योजनेला असतो. जोडीदाराचा कोब्रा मात्र चालू राहू शकतो.

डेंटल, व्हिजन आणि एचएसएचे काय होते?

कंपनीने डेंटल आणि व्हिजनच्या वेगळ्या योजना दिल्या असतील तर त्या कोब्रात वेगवेगळ्या निवडता येतात. जीवन विमा आणि डिसॅबिलिटी विमा कोब्रात येत नाहीत. एचएसए, म्हणजे आरोग्य खर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्यातील, पैसे तुमचेच असतात आणि त्यातून कोब्राचा प्रीमियम कर न लागता भरता येतो. नोकरी गेलेल्यांसाठी ही मोठी सोय आहे.

कोब्रा मध्येच बंद होऊ शकतो का?

सवलतीच्या मुदतीतही हप्ता न भरल्यास तो बंद होतो, आणि एकदा बंद झालेला कोब्रा पुन्हा सुरू करून घेणे जवळपास अशक्य असते. बँकेतून हप्ता आपोआप जाईल अशी व्यवस्था करावी, आणि पहिल्या महिन्यात तो खरोखर जमा झाला का ते पाहावे. कोब्रा घेतल्यानंतर नव्या कंपनीचा विमा लागू झाला तरीही तो बंद होऊ शकतो. स्टार्टअपमध्ये काम करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे, की कंपनीच बंद पडली आणि तिची कोणतीही आरोग्य योजना उरली नाही, तर चालू ठेवण्यासारखा विमाच राहत नाही आणि कोब्राही संपतो. अशा वेळी विमा गेल्याच्या दिवसापासून मार्केटप्लेसचे ६० दिवस मोजायला लागावे.

नोटीस आलीच नाही, किंवा कंपनी दाद देत नाही. कुठे जावे?

आधी एचआरकडे तुमचा सध्याचा पत्ता बरोबर आहे का ते तपासा, कारण नोटीस शेवटच्या नोंदलेल्या पत्त्यावर साध्या टपालाने पाठवली तरी सहसा कायद्याची अट पूर्ण होते. नोकरीबरोबर घरही बदललेल्या लोकांची पत्रे अशीच हरवतात. त्यानंतर एचआरला आणि योजनेच्या प्रशासकाला तारखेसह लेखी विचारणा करा आणि त्याची प्रत ठेवा. ४४ दिवस उलटूनही नोटीस दिली नसेल, तर प्रशासकाला न्यायालय दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड करू शकते, आणि नुसता या तरतुदीचा उल्लेख केलेल्या पत्रानेही कामे पुढे सरकतात. खासगी कंपनीविषयीची तक्रार अमेरिकेच्या कामगार खात्याच्या एम्प्लॉयी बेनिफिट्स सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनकडे करता येते. त्यांचा निःशुल्क क्रमांक १-८६६-४४४-३२७२ असून तेथील सल्लागार कंपनीशी तुमच्या वतीने बोलतात, आणि या मदतीसाठी काहीही पैसे लागत नाहीत.